कणी बारीक पाहिजे

साळवे मॅडम घरी येणार म्हटलं की आमची ही स्वयंपाकघरातली प्लास्टिकची भांडी आत सरकवायची. मॅडमवर राग म्हणून नव्हे, भांडी वाचावीत म्हणून. मॅडमना सवयच तशी होती. डबा दिसला की उचलायचा, खिडकीच्या उजेडाकडं धरायचा, नखानं टिचकी मारायची, कान लावून ऐकायचं आणि मग काठ धरून वाकवायचा. वाकला तर "बरा आहे" म्हणून खाली ठेवायचा. तुटला तर आमच्याकडं बघून म्हणायच्या, "बघा, म्हटलं नव्हतं मी?" त्यांनी मुळात काहीच म्हटलेलं नसायचं. आमचा पापडांचा एक डबा, एक साबणदाणी आणि पिंपाचं झाकण असं करत विज्ञानाच्या कामी आलं. तेवढं झाल्यावर त्या आरामात चहा प्यायच्या, आणि जाताना हिला म्हणायच्या, "वहिनी, राग मानू नका. ते आज ना उद्या तुटणारच होतं."

सेलूच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यांचं गाव वालूर. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि त्या पिशवीत रस्त्यात वेचलेलं काहीबाही भंगार. खताच्या पोत्याचा तुकडा, बाटलीचं टोपण, ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा. दिवाणखान्यात बुद्धाची छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर रोज ताजं फूल असायचं आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना हे भंगार ओळीनं मांडलेलं. पाहुण्यांना वाटायचं, ह्या बाईंचा नवस-बिवस आहे की काय.

त्यांच्या डॉक्टरेटचा विषय असा होता: दोन वेगवेगळी प्लास्टिकं वितळवून एकत्र केली, तर थंड होताना ती कशी थिजतात. स्टाफरूममध्ये ह्याच्यावर पुष्कळ हसून झालेलं होतं. एवढं शिकून विषय निवडला तो भंगारवाल्याचा, असं एकानं म्हटलं तेव्हा मॅडमनी डबा उघडता उघडता उत्तर दिलं, "भंगारवाल्याला भाव कळतो सर. तेवढं तरी आपल्याला कुठं कळतं?" वर्गात त्या शुद्ध पुस्तकी बोलायच्या. पण प्रयोग साधला किंवा बिघडला की वालूर सरळ जिभेवर यायचं.

मला हा विषय त्यांनी तुपावरून शिकवला. कढवलेलं तूप सावकाश गार झालं की रवाळ होतं, कण्या मोठ्या धरतात. तेच घाईनं गार केलं की लोण्यासारखं सपाट होतं. काही प्लास्टिकंसुद्धा अशीच थिजतात, कण्या धरून. फरक एवढाच की रवाळ तूप खायला चांगलं, आणि रवाळ प्लास्टिक तडकतं. "म्हणून कणी बारीक पाहिजे," हे त्यांचं पालुपद. पोरांच्या प्रयोगाच्या वह्या तपासतानाही हेच, आणि आमच्या घरी शिरा खातानाही हेच.

"तुमच्या आईचं तूप रवाळ असणार," मी एकदा सहज म्हणून गेलो.

"आमच्या घरी कुठलं तूप सर?" त्या तितक्याच सहज म्हणाल्या. "माय ज्यांच्याकडं भांडी घासायची, त्यांचं तुपाचं पातेलं घासायला यायचं. राख लावायच्या आधी मी बघून घ्यायची. बुडाला कण्या असायच्या, उन्हात चमकायच्या. लय भारी दिसायच्या."

तेवढ्यात त्यांनी माझ्या टेबलावरची पट्टी उचलून वाकवायला घेतली होती.

त्यांच्या घरी एक जुनी सूक्ष्मदर्शिका होती. कॉलेजनं मोडीत काढलेली, त्यांनी रीतसर अर्ज करून मागून आणलेली. बिघडलेल्या कॅल्क्युलेटरांच्या पडद्यावरच्या दोन काळपट फिती काढून त्यांनी तिला खाली-वर, एकमेकींना आडव्या बसवल्या होत्या, म्हणजे कणी धरेल तिथूनच उजेड दिसावा. पोत्याचा एक धागा काचेवर ठेवायचा, खालून तापवून वितळवायचा आणि मग बघायचं. त्यांनी मला पहिल्यांदा डोळा लावायला सांगितला तेव्हा मला नुसता अंधार दिसला. तसं मी म्हटलंही. "थांबा की. पहिल्या ओळीतच कविता कळायला पाहिजे काय?" त्या म्हणाल्या. आणि मग त्या अंधारात एक ठिपका उमटला. तो गोल गोल वाढू लागला, त्याच्यात काळी फुली आणि फुलीच्या चारही बाजूंनी उजळ पाकळ्या. शेजारी दुसरा, पलीकडं तिसरा. फुलं वाढत वाढत एकमेकांना भिडली आणि सगळा अंधार भरून गेला. मी आयुष्यभर कवितेतली फुलं शिकवली, पण खताच्या पोत्यात फुलं असतील असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खरोखरच भारावून गेलो होतो.

मग त्यांनी दुसरी काच ठेवली. हिच्यावर पोत्याच्या प्लास्टिकात ठिबकच्या नळीचं प्लास्टिक मिसळलेलं होतं. ती दोन जातीची प्लास्टिकं. वितळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण गार होताना पोत्याचं आधी थिजतं आणि नळीचं मागून, फुलांच्या पोटात आणि फटीत थेंबाथेंबानं अडकून. फुलं आता पहिल्यासारखी नितळ नव्हती, देवीचे व्रण असावेत तशी ठिपक्याठिपक्यांची होती.

"एकटं असताना जसं थिजतं, तसं दुसऱ्याच्या संगतीत थिजत न्हाई," मॅडम म्हणाल्या. "कोण आधी, कोण मागून अन् कणी केवढी, सगळं त्याच्यावर हाय. थेंब बारीक असले तर नळीमुळं वस्तूला चिवटपणा येतो. मोठे झाले की त्याच जागी तडा."

मराठीच्या माणसाला एवढं पुरे होतं. माणसं, समाज, संगत, असं काहीतरी मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "सर, हे प्लास्टिक हाय. प्लास्टिकच राहू द्या."

आमच्या प्राचार्यांना मात्र ही सूचना कुणी दिली नव्हती. स्नेहसंमेलनात त्यांनी मॅडमच्या संशोधनाचा दाखला देऊन भाषण केलं. दोन प्लास्टिकं जशी वितळून एकरूप होतात, तसे आपण सारे आपापले भेद विसरून एकरूप होऊ या. टाळ्या पडल्या. आभार मानायचं काम मॅडमकडं होतं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाल्या, "एक दुरुस्ती आहे. ती दोन प्लास्टिकं एकरूप होत नाहीत. वेगवेगळीच राहतात. तरी वस्तू मजबूत होऊ शकते, फक्त मधली हद्द नीट सांभाळावी लागते." आणि बसल्या. प्राचार्य हसले, पण पुढं पुष्कळ दिवस त्यांनी दाखले शेतीचेच दिले.

मॅडमची एक खंत होती आणि ती त्या लपवत नसत. शिकवलेली पोरं गावात राहात नाहीत. हुशार पोरगं पास झालं की बॅग भरून स्टेशनवर. "आपण काय शिकवतो सर? तिकीट काढायला शिकवतो," असं त्या म्हणायच्या. सगळ्यांत अन्वर शेख हा एकटाच राहिला होता. मॅडमकडं बी.एस्सी. केलेला, उंच, मितभाषी पोरगा. पाथरी रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं एक जुनं मशीन टाकलं होतं आणि पोती, ठिबकच्या जुन्या नळ्या वितळवून त्यांची घमेली बनवायचा. गवंड्यांची साधी काळी घमेली. "माझा एक तरी शिकलेलं वापरायलाय," हे सांगताना मॅडमचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्या हिवाळ्यात अन्वर त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथंच होतो. आत ये म्हटलं तरी येईना.

"मॅडम, मी पुण्याला जायलोय," तो म्हणाला. "मोठ्या भावानं गाडीवर काम बघितलंय. मशीन बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं."

"कामून?"

"घमेली तडकायलीत. थंडीत सकाळी घमेल्यात रेती-सिमेंट टाकलं की काठातून दोन तुकडे. व्यापारी माल परत पाठवायलेत. आता पोरं मला फुटका अन्वर म्हणतात. इज्जतच राहिली न्हाई."

मॅडमनी पायात चप्पल घातली. "गिऱ्हाइकाला थांब म्हण," एवढंच बोलल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी मुकाट्यानं स्कूटर काढली.

शेडमध्ये सखूबाई नावाची बाई कामाला होती. आधी जिनिंगमध्ये कामाला असलेली, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. मशीनच्या साच्यातून ऊन ऊन घमेलं निघालं की ती ते फडक्यानं उचलायची आणि कोपऱ्यात नेऊन कापसाच्या ढिगात पुरायची. जिनिंगमधला वाया गेलेला कापूस, पोती भरभरून आणलेला. वरून आणखी कापूस, त्यावर गोणपाट. मॅडम बघतच राहिल्या.

"मावशी, हे कामून झाकायलात?"

"अन् मंग? उघडं टाकू?" सखूबाई म्हणाली. "ऊन वस्तूला गार वारं लागलं की तडकल न्हाई का? बाळंतिणीला कसं गुंडाळून ठेवताव आपण? तसंच हाय हे."

अन्वर खाली मान घालून म्हणाला की सुरुवातीला थोडाच कापूस टाकत होतो. घमेली फुटायला लागली तसा कापूस वाढवला. जास्त फुटायला लागली तसं वर गोणपाट टाकलं. पुस्तकातलं सगळं त्याला पाठ होतं, पण ढीगभर कापसासमोर आणि सखूबाईसमोर ते आठवायला पाहिजे ना. सेलूत कापूस म्हणजे सगळ्या दुखण्यावरचं औषध.

मॅडमनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. सकाळचं घमेलं दुपारी अजून कोमट होतं. त्या हसल्या नाहीत. सखूबाईच्या शेजारी पोत्यावर बसल्या आणि तिला तूप कसं रवाळ होतं ते सांगितलं. "तुमी लय मायेनं केलं मावशी. मायाच जास्त झाली. उबेत ठेवलं की कणी वाढती, नळीचे थेंब गोळा होतात, अन् तिथंच तडकतं."

"मंग आता?"

"आता सरळ पाण्यात बुडवा. गारेगार."

आणि इथं मॅडम चुकल्या. हौदात बुडवलेली घमेली तडकली नाहीत, पण झाडून सगळी वाकडी झाली. एकाचा काठ वर, दुसऱ्याचं बूड फुगलेलं. एकावर एक बसेनात, आणि एकावर एक न बसणारं घमेलं कोणता व्यापारी घेईल? अन्वर एकेक घमेलं उचलून बाजूला टाकू लागला. सखूबाई मात्र म्हणाली, "बाळंतिणीला थंड पाण्यानं न्हाऊ घातलं तर दुसरं काय व्हनार?"

मॅडम त्या वाकड्या ढिगासमोर उभ्या राहून स्पष्ट म्हणाल्या, "चुकलं माझं. मी कणीचा विचार केला, घमेल्याचा केला न्हाई." त्यानंतर काही दिवस स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्याला टिचकी नाही, काही नाही. मी एक जुनी पट्टी मुद्दाम त्यांच्यापुढं ठेवून बघितली, तिलाही हात लावला नाही. मला खरंच काळजी वाटली. मशीनचं गिऱ्हाईक तिकडं फोनवर फोन करत होतं.

रविवारी दुपारी त्यांनी अन्वरला आणि मला बोलावलं. सूक्ष्मदर्शिकेवर पोत्याचं आणि नळीचं मिश्रण वितळत होतं. मॅडम आत गेल्या आणि तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा घेऊन आल्या. चिमूटभर पावडर त्यांनी त्या वितळलेल्या थेंबात कालवली.

"ह्याच्यात शंखजिऱ्याची पूड असती," त्या अन्वरला म्हणाल्या. "कणीला धरायला जागा लागते. जागा मोजक्या असल्या की मोजक्याच कण्या, अन् त्या वाढत बसतात. जागाच जागा करून दिल्या की सगळ्या एकदम धरतात, कुणी मोठी होत न्हाई. अन् लवकर धरतात. साच्यातच घमेलं ताठ होऊन निघंल. मग कापूस बी नको, हौद बी नको."

मी डोळा लावला. ह्या खेपेला फुलं नव्हतीच. अंधारात एकाएकी खसखस सांडावी तसं सगळं भरून गेलं, बारीक, दाट. अन्वरनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर न बघताच विचारलं, "मॅडम, नळीचे थेंब?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. परीक्षेत पोरानं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहावं तसा त्यांना आनंद झाला होता. "ते तू सांग."

"मिश्रण दोनदा काढतो मशीनमधून. चांगलं घुसळलं की बारीक होतील."

शंखजिरं परभणीहून मागवायला वेळ लागणार होता आणि अन्वरला दम निघत नव्हता. त्यानं सेलूच्या बाजारातली तोंडाला लावायची पावडर उचलली. दुकानदारानं विचारलंच, घरात लगीन निघालं का म्हणून. त्या पहिल्या मालाला असा सुवास होता की पुढं गवंडी विचारायचे, घमेल्याला नवरीचा वास कसा काय येतो. सखूबाई तर तोंडाला पदर लावून काम करत होती.

परीक्षा सकाळीच घ्यायची होती, कारण थंडी तेव्हाच. शेडच्या दाराशी दगडी पायरी होती. सखूबाईनं घमेलं डोक्यावर उचललं आणि सासुरवासाचा सगळा राग काढावा तसं पायरीवर आपटलं. ते उसळलं आणि सरळ माझ्या नडगीवर येऊन बसलं. मी कळवळलो, पण माझ्याकडं कुणी बघेना. अन्वरनं घमेलं उचललं, काठावरून बोट फिरवलं. दुसरं आपटलं. तिसरं मॅडमनी स्वतः आपटलं. मग अन्वर बाजूला गेला आणि त्यानं भावाला फोन लावला. एवढंच बोलला, "भाई, मैं नै आरऊं." मॅडमनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि माझ्या नडगीची चौकशी केली.

पुढं अन्वरचं नाव झालं. खरं शंखजिरं आलं, सुवास गेला. पाथरी, वालूर, पार मानवतपर्यंत त्याची घमेली जाऊ लागली. रस्त्यात कुठं बांधकाम दिसलं की मॅडम थांबायच्या, गवंड्याच्या हातातलं घमेलं मागून घ्यायच्या आणि टिचकी मारून परत द्यायच्या. गवंडी बिचारे मालकीणबाई असतील म्हणून उभे राहायचे.

आणि ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना जाऊ नका म्हटलं, तिलाच शेवटी जावं लागलं. निवृत्तीनंतर गुडघे गेले, त्यांचे यजमान आधीच वारले होते. पुण्याचा मुलगा न्यायला आला. सूक्ष्मदर्शिका अन्वरकडं गेली. भंगाराची पिशवी मुलानं टाकून द्या म्हटलं, ती मी गुपचूप घरी आणली. समोरच्या घराला कुलूप लागलेलं बघायचं आहे ह्या कल्पनेनं दोन दिवस हिचा स्वयंपाकात आणि माझा जेवणात जीव नव्हता.

स्टेशनवर आम्ही थोडेच होतो. हिवाळ्याची सकाळ, सगळे मफलर गुंडाळलेले. अन्वर उशिरा, धापा टाकत आला. हातात एक घमेलं. सकाळी पहिलंच निघालेलं, तळाला अजून ऊब असलेलं. त्यानं ते दोन्ही हातांनी मॅडमना दिलं.

मॅडमचा मुलगा म्हणाला, "अगं आई, पुण्यात घमेलं कशाला? ठेवायचं कुठं?"

मॅडम डब्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी घमेलं उजेडाकडं धरलं. टिचकी मारली. कान लावला. गाडीनं शिट्टी दिली, डबा हलला. मुलानं आतून त्यांचा दंड धरला. आणि त्या बाईनं ते घमेलं डोक्यावर उचललं आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून फलाटावर आपटलं.

चहावाल्यासकट सगळं स्टेशन दचकलं. घमेलं उसळलं, पडलं, काठावर उभं राहून गरागरा फिरत निघालं. "राहू दे इथंच!" मॅडम ओरडल्या. "त्याचं काम इथं हाय!"

अन्वर त्याच्यामागं धावला, त्याच्यामागं मी. चहाच्या गाड्याशी त्यानं ते धरलं, उजेडाकडं केलं आणि काठावरून सावकाश बोट फिरवलं. मी वाकून बघत होतो. पूर्ण एक फेरी झाली. कुठं केसाएवढीही चीर नव्हती.

हे मॅडमना ओरडून सांगावं म्हणून आम्ही मागं वळलो, तर गाडी फलाटाच्या पुढं निघून गेली होती. त्या दारात उभ्या होत्या की आत जाऊन बसल्या होत्या, हात हलवत होत्या की डोळे पुसत होत्या, मला सांगता येणार नाही. आम्ही दोघंही घमेल्याकडं बघत होतो.